पिवळ्या रकान्यातलं नाव

फांदी पडली ती नेमकी कादंबरीच्या गाडीवर.

आदल्या दिवशी दुपारपासून वारा सुटला होता. सिएटलजवळच्या बॉथेल गावात नोव्हेंबर आला की असा वारा एकदा तरी येतोच. मग गावभर दिवे जातात, झाडं पडतात आणि माणसं वर्षातून एकदा शेजाऱ्यांशी बोलतात. शनिवारी सकाळी कादंबरी छत्री घेऊन जिना उतरली, तर पार्किंगमधल्या आठ गाड्या धडधाकट उभ्या, आणि नवव्या गाडीच्या टपावर मांडीएवढी जाड, ओली फांदी ऐसपैस लोळत पडलेली. नववी गाडी तिची.

वर झाडावर केशरी हेल्मेट घातलेला एक जण दोरीला लोंबकळत करवत चालवत होता.

"हॅलो! एक्स्क्यूज मी!" ती ओरडली. करवतीच्या घरघरीत तिला कोण ऐकतो? तिनं आणखी दोन हाका मारल्या. मग वैतागून मान वर करून म्हणाली, "माकडा, गाडी फोडलीस ना माझी!"

आणि नेमकी त्याच क्षणी करवत बंद पडली.

वरून आवाज आला, "फांदी वाऱ्यानं पडली. माकड नंतर आलं."

कादंबरीची छत्री कलली. पाऊस सरळ तिच्या कपाळावर आला.

"तुम्ही... मराठी?"

"अर्धा. पप्पा नाशिकचे, मम्मी आयडाहोची." तो दोरीवरून सरसर खाली आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. हेल्मेट काढलं. ओले कुरळे केस, पापण्यांवर लाकडाचा भुसा, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "मी कुश. सिटीच्या झाडांचं काम करतो. तू कुठली?"

"नागपूर."

"ओह! पप्पा म्हणतात, नागपूरची माणसं भांडायला लागली की दोन तास हलत नाहीत."

"दोनच तास? अरे बाप्पा! तुझ्या पप्पांनी आमचं भांडण अर्धवटच पाहिलंय."

तो मोठ्यानं हसला. मग दोघांनी मिळून फांदी ओढली. टप चेपला होता, काच मात्र वाचली होती. ओल्या लाकडाचा गोडसर, कडवट वास तिच्या बाहीला चिकटला.

"नाव काय तुझं? रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"कादंबरी वैरागडे."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच थांबली.

"काय झालं? स्पेलिंग सांगू?"

"नाही... येतं मला," तो म्हणाला, आणि खरंच बरोबर लिहिलं. अमेरिकेत आल्यापासून तिचं नाव पहिल्या झटक्यात बरोबर लिहिणारा तो पहिलाच. दिवसभर ती ती बाही नाकाशी नेत राहिली आणि स्वतःवरच चिडत राहिली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता दारावरची बेल वाजली. कादंबरीनं दाराच्या भोकातून पाहिलं. तोच! तिनं केसांवरून हात फिरवला, स्वेटर खाली ओढला, दार उघडलं...

आणि चेहऱ्यावरचं हसू तिथंच विरलं.

तो पांढऱ्या शर्टात होता. गळ्यात टाय. हातात चांदीच्या कागदानं झाकलेली ताटली.

"तू पण?" ती म्हणाली.

हा पोशाख तिला ओळखीचा होता, ही ताटलीही. सहा वर्षांपूर्वी ती शिकायला युटात आली, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तिला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. शेजारच्या मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबानं तिला कोट दिला, जेवायला बसवलं, बर्फात गाडी चालवायला शिकवली. ती त्यांच्याबरोबर चर्चला जाऊ लागली. तिथं बायका तिला मिठीत घ्यायच्या, तिच्या परीक्षेच्या तारखा लक्षात ठेवायच्या. वसंतात तिनं पांढरे कपडे घालून पाण्यात बुडी मारली आणि बाप्तिस्मा घेतला. नागपूरला फोन केला, तर बाबा म्हणाले, "तुला तिथं बरं वाटतं ना? मग झालं." तिला खरोखर बरं वाटत होतं.

मग बॉथेलला नोकरी लागली, औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. इथली मंडळी वेगळी. मॉर्मन लोक आपल्या भागातल्या मंडळीला वॉर्ड म्हणतात. या वॉर्डात ती नवखी नव्हती, म्हणून तिच्यामागे कुणी धावलं नाही. जुनी नव्हती, म्हणून तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. एक रविवार चुकला, कुणी विचारलं नाही. चार चुकले, तरी नाही. सहा महिने झाले, तेव्हा कुणीतरी यादी काढली आणि चर्च सोडलेल्यांत तिचं नाव सापडलं. तिथून प्रेमाचा पूर सुरू झाला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेसेज: 'तुझी फार आठवण येते!' बदामाचं चित्र. आधीच्या महिन्यात तेच शब्द, तेच बदाम. एकदा तर आला: 'हाय ब्रिटनी! तू आमच्यासाठी किती खास आहेस!'

त्या दिवशी ती पोट धरून हसली होती. मग भांडी घासताना उगाचच रडली होती.

"मी पण," कुशनं मान खाली घातली. "आईच्या बाजूनं मी जन्मापासून मॉर्मन आहे. वॉर्डात प्रत्येकाला दोन-चार घरं नेमून देतात. जाऊन भेटायचं, काय हवं-नको विचारायचं. तुझं घर माझ्याकडे आहे."

"म्हणजे मी तुझी ड्यूटी."

"हो," तो म्हणाला. "मी खोटं नाही बोलणार."

ती दार लावणारच होती, तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"तो लेलँड. माझा पार्टनर," कुश घाईघाईनं म्हणाला. "जोडीनं जायचा नियम आहे. पण तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघे गेलेत, त्याला तुझा जिना चढवत नाही. आणि बाईमाणूस एकटी असेल तर मी एकट्यानं आत यायचं नाही, हा पण नियम. म्हणून तो गाडीत बसतो, मी जिन्यावर बसतो. वीस मिनिटांनी तो हॉर्न देणार."

"आता दिला तो?"

"तो चुकून. फुटबॉलची कॉमेंटरी ऐकतोय. रविवारी ऐकू नये, म्हणून आवाज बारीक ठेवतो. आता गोल झाला असेल किंवा काय म्हणतात ते."

कादंबरीला हसू आलं. आवरता आवरेना. तिनं दार पूर्ण उघडं ठेवलं, आत जाऊन आल्याचा चहा केला, आपला कप घेऊन उंबऱ्यात बसली आणि दुसरा कप त्याच्याकडे सरकवला.

"आम्ही चहा पीत नाही," तो ओशाळून म्हणाला.

"अरे हो की! मीसुद्धा दोन वर्षं सोडला होता. तेवढं एकच पाप मी दार लावून करायची."

"मग मी तुझा कप बघत बसतो. वाफेला नियम नाही."

"बैस. पण एका अटीवर. देव नाही, चर्च नाही, रविवारी ये म्हणायचं नाही."

"डन. मग काय बोलायचं?"

"झाडांबद्दल बोल."

तो झाडांबद्दल बोलला. छपरावरून पाणी ठिबकत होतं, जिन्यावरचा पिवळा दिवा त्याच्या गालावर पडला होता. वीस मिनिटं कधी संपली ते लेलँडच्या हॉर्ननंच सांगितलं.

मग तो दर दोन आठवड्यांनी येऊ लागला. पुढे दर रविवारी. चर्चच्या हिशेबात महिन्याकाठी एक भेट पुरे होती, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. ताटली मात्र तिसऱ्या वेळी बंद झाली. "मम्मी करते तो केक, खोटं कशाला बोलू? मला फक्त ऑम्लेट येतं." कादंबरी चिवडा करायची. अर्धा ती खाली लेलँडकडे पाठवायची. म्हातारा खोकत खोकत सगळा संपवायचा आणि काचेतून अंगठा वर करायचा.

एकदा तिनं विचारलं, "त्या यादीत माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

"रंग असतात." तो कानामागे खाजवू लागला. "येणारे हिरवे. न येणारे, पण दार उघडणारे पिवळे. दारच न उघडणारे लाल."

"आणि मी?"

"पिवळी."

"चुकलंच माझं. पहिल्याच दिवशी लाल व्हायला हवं होतं."

"मग मी कुठं बसलो असतो?"

तिनं चिवड्यातला एक शेंगदाणा उचलून त्याच्याकडे फेकला. त्यानं तो तोंडात झेलला आणि दोघंही उगाच पावसाकडे बघत राहिले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती गप्प गप्प होती. कुशनं दोन-तीन विनोद करून पाहिले. मग तोही गप्प बसला. त्याला गप्प बसता येतं, हे तिला तेव्हा कळलं. आणि मग तिनं सांगितलं...

बाबा जाऊन आज वर्ष झालं. नागपूरच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचे. मुलगी अमेरिकेत प्रयोगशाळेत काम करते, हे ते बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनाही सांगायचे. गेले तेव्हा तिचे व्हिसाचे कागद अडकले होते. निघाली असती तर परत येता आलं नसतं. मावशीनं फोन धरला आणि कादंबरीनं ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, बाबांना शेवटचं पाहिलं. मग डोळे धुऊन कामावर गेली.

"ऑफिसात मी सांगितलं, ताप आलाय," ती म्हणाली. "इथं कुणालाच सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा."

ते आता सुखात असतील, देवाच्या घरी असतील, असं काही कुश बोलला नाही. त्यानं तिच्या हातातला कप हळूच काढून घेऊन पायरीवर ठेवला. आणि विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता?"

तेव्हा मात्र ती रडली. रडता रडता बाबांची नक्कल केली, नाकातून बोलायचे तशी. ते दोघं हसले. खाली हॉर्न वाजला, थोड्या वेळानं परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला नाही. म्हाताऱ्याला काय समजलं कोण जाणे, त्या दिवशी त्यानं वाट पाहिली.

पुढचा आठवडा उजाडला आणि तिच्या दाराशी फुलं आली.

पाठोपाठ कार्डं आली. एक, दोन, चार... नऊ. प्रत्येकावर वेगळ्या अक्षरात एकच वाक्य: 'तुझ्या वडिलांबद्दल ऐकून फार वाईट वाटलं.' प्रत्येकात एकाच रंगाची चिठ्ठी: येत्या रविवारी खास कार्यक्रम, जरूर ये. शनिवारी दुपारी तीन बायका आल्या. पुढे होत्या मार्लीनबाई, वॉर्डातल्या बायकांच्या प्रमुख. गोऱ्या, गोल, गोड. त्यांनी कादंबरीला मिठी मारली, दुसरीनं त्या मिठीचा फोटो काढला.

"कुशनं सगळं सांगितलं, हनी," मार्लीनबाई म्हणाल्या. "बिचारी तू! ईस्टरपर्यंत दहा जण परत आणायचे ठरवलेत आम्ही. तू त्यांतली पहिली असावीस, असं मला फार वाटतं." मग पिशवीतून एक फॉर्म काढला. "आणि हे बघ, तुझ्या डॅडचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख दे. आपण मंदिरात त्यांच्या नावानं बाप्तिस्मा करू."

रविवारच्या चर्चपेक्षा वेगळी, खास विधींची मंदिरं मॉर्मन लोकांची असतात. तिथं ते गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यांच्या दृष्टीनं यापरती माया नाही. कादंबरीला हे माहीत होतं. पण त्या फॉर्मवरच्या रिकाम्या चौकोनांकडे बघताना तिला एवढंच दिसलं, की तिच्यापाठोपाठ आता बाबांचंही नाव कुणाच्या तरी रकान्यात जाणार.

"थँक यू," ती म्हणाली. फॉर्म तसाच परत दिला. आणि दार लावून घेतलं.

रविवारी कुश आला तेव्हा ती जिन्यावर उभीच होती. चहा नव्हता.

"तू त्यांना सांगितलंस."

"वॉर्डच्या कौन्सिलमध्ये, मीटिंगला, विचारलं, कादंबरी कशी आहे?" त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं... तू एकटी आहेस, कुणीतरी यावं, जेवण आणावं... मी चांगल्या मनानं..."

"मला माहीत आहे तुझं मन चांगलं आहे. म्हणून तर सांगितलं तुला. ते तुला सांगितलं होतं, कुश! तुझ्या मीटिंगला नाही."

"सॉरी. आय ॲम सो सॉरी, यार..."

"त्यांनी फॉर्म आणला. बाबांच्या नावाचा. इतके दिवस मला वाटलं, हा माणूस जिन्यावर माझ्यासाठी बसतो. आता कसं कळायचं मला? नाव यादीत नसतं, तर आला असतास का?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघ. तुलाही माहीत नाही." ती एक पायरी वर चढली. "मला माझं नाव काढायचंय. यादीतून नाही, चर्चमधूनच. सही केलेलं पत्र द्यावं लागतं म्हणे. तुला येतं ना सगळं? मग कर मदत."

कुशचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या दृष्टीनं तो नुसता कागद नव्हता. नाव निघालं की बाप्तिस्मा पुसला जातो, तिनं जे वचन दिलं होतं ते तुटतं, असं तो लहानपणापासून मानत आला होता. आणि त्याच्या मनात, खोल कुठंतरी, पांढऱ्या कपड्यांतली कादंबरी लग्नासाठी आपल्याबरोबर मंदिराच्या दारात उभी आहे असं एक चित्र होतं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला दोन दिवस दे," तो म्हणाला, आणि भिजतच खाली गेला.

दोन दिवस गेले. तिसराही गेला. कादंबरीनं प्रयोगशाळेत एकच चाचणी तीनदा चुकवली. कशाला इतकं मागितलं आपण? देवावर खरंच विश्वास ठेवणाऱ्या माणसाला हे करायला सांगायचं म्हणजे... आता नाही येणार तो. आणि नाही आला, तर त्याच्यावर रागावायचा तरी काय हक्क?

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. टाय नव्हता. कामाचे मळके बूट, शर्टावर भुसा, आणि हातात एक पाकीट. खाली लेलँडची गाडीही नव्हती.

"पत्र तू लिही. शब्द तुझे पाहिजेत," तो दारातूनच म्हणाला. "कुठं पाठवायचं तो पत्ता यात आहे. सही तुझीच आहे असा शिक्का घ्यावा लागेल. ते दुकान सातपर्यंत उघडं असतं. मी नेतो तुला."

तिनं पाकीट हातात घेतलं.

"तुला वाईट वाटतंय?"

"खूप."

"मग का करतोस?"

"तू मागितलंस म्हणून." तो पायरीवर बसला. हातांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते, त्यांच्याकडे बघत बोलू लागला. "मी परत गेलो होतो कौन्सिलमध्ये. म्हटलं, तिनं विश्वासानं सांगितलेलं मी इथं बोलायला नको होतं. यादीत तिच्या नावापुढे लिहिलंय ते पुसा. मार्लीन रडली. तिला वाटलं ती मदत करतेय. ती वाईट नाही गं... पण पुसलं त्यांनी. मी बघितलं पुसताना."

कादंबरी त्याच्या शेजारी बसली. दोघांत एक वीतभर अंतर.

"आणि तू विचारलंस त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. लाज वाटली." त्यानं एक मोठा श्वास घेतला. "तुझं घर माझ्याकडे नव्हतंच. दुसऱ्या एकाकडे होतं. त्याला तुझं नाव उच्चारता येईना, म्हणून तो जातच नव्हता. मी यादीत ते नाव वाचलं होतं, आणि शनिवारी तू म्हणालीस, कादंबरी वैरागडे... दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी त्याला गाठलं. माझी तीन घरं त्याला दिली आणि तुझं घेतलं."

"तीन?"

"त्यातल्या एका घरी फार छान पाय मिळायचा. ॲपल पाय."

ती हसली आणि डोळे पुसले. "आणि यादीच नसती तर?"

"तर तुझ्या गाडीवर दुसरी फांदी पाडली असती."

तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. हात तिथंच राहिला. क्षणभर... दोन क्षण. मग ती उठली आणि कोट घेऊन आली.

पत्र चार ओळींचं झालं. युटातल्या त्या कुटुंबाचे आभार एका ओळीत, बाकी कामापुरतं. दुकानातल्या बाईनं शिक्का मारला. कादंबरीनं पाकीट टपालपेटीत टाकलं, तेव्हा कुशनं डोळे मिटले होते. त्याचे ओठ हलत होते. काय पुटपुटतोय ते तिनं विचारलं नाही. त्याचं ते त्याचं होतं.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "उत्तर यायला महिना-दीड महिना लागेल. ते येईपर्यंत मी येणार नाही. आल्यावरही येणार नाही."

"का?"

"आलो तर तुझ्या मनात राहणारच की याला अजून कोणी पाठवलंय. आयुष्यभर राहील. आता तुझ्याकडे लोक येणार नाहीत, कादंबरी. तुला कुणी हवं असेल, तर तू जा."

गाडी जिन्याशी थांबली. ती उतरली. काचेवर पावसाचे थेंब होते, त्यांच्याआडून त्याचा चेहरा नीट दिसला नाही.

मार्च सरला. रविवारी पाच वाजले की ती दार उघडून जिन्यावर बघायची आणि मग स्वतःलाच म्हणायची, कुणी येणार नाहीये. महिन्याच्या शेवटच्या दिवशी फोन वाजला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. छोटंसं, सभ्य. तिचं नाव आता नोंदीत नव्हतं.

मोकळं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलंही. पण त्यासोबत एक भीतीही आली. आता जायचं तर स्वतःच्या पायांनी जायचं. युटात तिला लोकांनी बोलावलं होतं, इथं लोकांनी गाठलं होतं. आपणहून कुणाच्या दारात ती आजवर गेलीच नव्हती. आणि त्याचं मन एव्हाना वळलं असेल तर? चर्चमधली एखादी छान मुलगी, मंदिरात लग्न, मम्मीचा केक... त्याला तेच सोपं नाही का? ती एक रविवार अशीच बसून राहिली. दुसरा रविवारही.

मग एका शनिवारी सकाळी ती उठली, चेपलेल्या टपाच्या गाडीत बसली आणि नदीकाठच्या बागेत गेली. सिटीच्या वेबसाइटवर तिनं वाचलं होतं, वाऱ्यात पडलेल्या झाडांच्या जागी तिथं आज नवी रोपं लावणार होते.

झिमझिम पाऊस. वीसेक माणसं चिखलात वाकलेली. कुश गुडघ्यांवर बसून खड्डा उकरत होता. तिचे बूट समोर दिसले आणि त्याचे हात थांबले. त्यानं हळूहळू मान वर केली.

"तू..." तो म्हणाला. "इथं कशी?"

"गाडीनं."

"नाही, म्हणजे... रोपं लावायला आलीस?"

"मला झाडांतलं काय कळतं? तुला भेटायला आले. मी कुणाच्या यादीत नाही, आणि तू माझ्या कुठल्या यादीत नाहीस. मला कुणी पाठवलं नाही, कुश. आवडतोस म्हणून आले. फार आवडतोस."

पलीकडे फावडं मारणारी एक बाई थांबून बघू लागली. तिला मराठी कळत नव्हतं, पण कळलं.

कुश उभा राहिला. गुडघ्यांपर्यंत चिखल, तोंडावर चिखल. "सहा आठवडे," तो म्हणाला. "दर रविवारी पाच वाजता मी गाडीची किल्ली मम्मीकडे देऊन ठेवायचो. नाहीतर आलोच असतो."

"आणि मम्मी काय म्हणाली?"

"म्हणाली, मुलगी शहाणी असेल तर येईल. पप्पा म्हणाले, नागपूरची आहे, येईल पण आधी भांडेल."

ती हसायला गेली आणि डोळे भरून आले. "भांडायचंच आहे. मी परत चर्चला येणार नाही. तुला मंदिरात लग्न हवं असेल, ते माझ्याकडून होणार नाही. आधीच सांगते."

पाऊस त्याच्या पापण्यांवरून ओघळत होता. "मला हवं होतं ते," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. थोडं दुखेल. कधी कधी दुखेल. पण पप्पा तीस वर्षं रविवारी सकाळी घरी बसून पोहे करतात आणि मम्मी चर्चहून आली की दोघं खातात. मी त्याच घरात वाढलोय, कादंबरी. मला येतं ते."

"मला पोहे येत नाहीत चांगले. चिकट होतात."

"मग मी शिकतो."

"तू? तुला फक्त ऑम्लेट येतं."

"तुला सगळं लक्षात आहे माझं!"

"लक्षात ठेवायला मला कागद लागत नाही," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केला, मग तो चिखलानं माखलेला पाहून मागे घेऊ लागला. तिनं तो मागे जाऊ दिला नाही. दोन्ही हातांनी धरला. गार, खरखरीत, ओला. फावडेवाल्या बाईनं हळूच पाठ फिरवली आणि उगाचच दुसरा खड्डा खणायला लागली.

"आज संध्याकाळी काय करतोयस?" कादंबरीनं विचारलं.

"अजून चाळीस रोपं आहेत."

"मग दे एक फावडं."

"तुझा कोट खराब होईल."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि त्याच्याशेजारी चिखलात गुडघे टेकून बसली.